एकच दीर्घिका दोनदा तोला

काम असं: एकाच दीर्घिकेचं वजन दोनदा काढायचं. एकदा वलयावरून (दीर्घिका भिंगासारखी वागते, मागून येणारा प्रकाश तिच्या गुरुत्वाने वाकून तिच्याभोवती वलय दिसतं), एकदा तिच्यातल्या ताऱ्यांच्या वेगावरून. माझ्याकडे या प्रोजेक्टला आलेली पोरं पहिल्या आठवड्यातच विचारतात, "सर, यावरून मॉन्ड खोटा पाडता येईल का?" नाही येणार. मॉन्ड म्हणजे कृष्णद्रव्य न मानता, फार कमी त्वरणाला गुरुत्वाचा नियमच बदलणारी कल्पना. मॉन्डचा फरक दिसायला त्वरण 1.2×10⁻¹⁰ मी/से² च्या आसपास किंवा खाली जावं लागतं. आपलं वलय दीर्घिकेच्या गाभ्याजवळ, तिथे त्वरण कितीतरी पट जास्त. आपण तपासायचा तो गॅमा: वस्तुमानामुळे अवकाश किती वाकतं त्याचा आकडा. आइनस्टाइनच्या हिशेबाने तो 1.

दीर्घिका जवळची घ्या. ईएसओ 325-जी004 घ्या: अंतर 50 कोटी प्रकाशवर्षांच्या आत-बाहेर, वलय केंद्रापासून जेमतेम 3 आर्कसेकंदांवर (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग). हबल दुर्बिणीचे फोटो आणि चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीवरच्या म्यूझ या वर्णपटमापकाचे वर्णपट अर्काइव्हमध्ये फुकट आहेत. लांबच्या भिंगांत बहुतेकदा सगळ्या ताऱ्यांचा मिळून एकच वेग हाती लागतो. इथे तो जागोजागी मोजता येतो.

आधी वलय. दीर्घिकेचाच उजेड इतका, की तो वजा केल्याशिवाय कमानी नीट दिसत नाहीत. मग त्रिज्येवरून, आइनस्टाइन खरा धरून, आतलं वस्तुमान काढा. यात फार डोकेदुखी नाही.

डोकेदुखी आहे ती ताऱ्यांकडून काढायच्या वजनात. वर्णपटातल्या शोषण रेषा किती रुंदावल्यात त्यावरून वेग, आणि वेगावरून वस्तुमान. अवकाशाचं वाकणं प्रकाशाला जाणवतं, हळू फिरणाऱ्या ताऱ्यांना जवळपास नाही. म्हणून भिंगाच्या वजनाला ताऱ्यांवरून काढलेल्या वजनाने भागा, दुप्पट करा, 1 वजा करा: हा गॅमा. आता वहीत एवढं करून बघा. वस्तुमान वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं, म्हणून वेगात 5 टक्के गडबड म्हणजे वजनात 10 टक्के, आणि गॅमात तब्बल 0.2. एफ-आर गुरुत्व म्हणजे आइनस्टाइनच्या सिद्धांतात केलेला एक बदल; त्याचा परिणाम दाट जागी झाकला जातो. तो झाकला गेला नसेल तर गॅमा 0.5 येऊ शकतो. म्हणजे जो फरक शोधायचा त्यातला बराचसा या गडबडीतच बुडाला. शिवाय तारे गोल फिरताहेत की केंद्राकडे आत-बाहेर करताहेत, हे वेगांवरून सरळ कळत नाही. ते मॉडेलमध्ये मोकळं सोडा, आपल्या सोयीचं गृहीत धरू नका. कृष्णद्रव्य आणि मधलं कृष्णविवरही धरायचंच.

एक सक्ती मी करतो. ताऱ्यांवरून काढलेलं वजन एका गुप्त आकड्याने गुणलेलं असतं, तो आकडा दुसऱ्याच कुणाकडे. सगळं पक्कं होईपर्यंत गॅमा बघायचा नाही. उत्तर आधीच माहीत असलं की हात आपोआप तिकडे वळतो, आणि इथे ते सगळ्यांना माहीत आहे: 2018 मध्ये थॉमस कोलेट आणि सहकाऱ्यांनी याच दीर्घिकेवर 0.97 ± 0.09 काढलंय. कॅसिनी यानाचा 2003 चा आकडा याहून हजारो पट काटेकोर, पण तो आपल्या सूर्यमालेपुरता.

तुमचा 0.8 आला तर भाषण लिहायला घेऊ नका. रेषा किती रुंदावल्या हे ज्यांच्याशी ताडून ठरवलं, ती ताऱ्यांच्या नमुना-वर्णपटांची लायब्ररी बदला आणि पुन्हा चालवा.