कागदकामात आयलेट बसवण्यासाठी हत्यार कसे निवडावे

कागदाला नुसते भोक पाडून दोरा ओवला, की तो दोरा हळूहळू कागद कापत कडेकडे सरकतो. आकाशकंदील दोन रात्री वाऱ्यावर हलला किंवा भेटवस्तूचे लेबल कुणी जरा जोरात ओढले, तर आधी फाटते ते भोक. आयलेट म्हणजे छोटी नळी असलेली धातूची कडी: नळी भोकात घालायची आणि मागून तिचे तोंड बाहेर वळवायचे. ते लावले की ताण कागदावर न येता धातूच्या कडीवर येतो. कार्ड, डायऱ्या, लेबले, कंदील नियमित करणाऱ्याला आज ना उद्या आयलेट लागतेच, आणि मग हत्याराचा प्रश्न येतो.

दुकानात हातोडीने ठोकायच्या सेटपासून लांब दांड्याच्या जड पकडीपर्यंत सगळे मिळते. सगळ्यांवर ‘आयलेट टूल’ असेच लिहिलेले असते, पण कामे वेगळी असतात. किंमत बघून निवडू नका आणि व्हिडिओत कुणाच्या हातात काय दिसले यावरूनही निवडू नका. घरून दोन गोष्टी ठरवून निघा: आयलेट कडेपासून किती आत बसणार आणि ते कोणत्या मापाचे असणार.

पायरी १: कडेपासूनचे अंतर मोजा

तुम्ही नेहमी बनवता त्या वस्तू टेबलावर मांडा आणि पट्टी घ्या. आयलेटचा मध्य जवळच्या कडेपासून किती सेंटीमीटर आत येतो ते मोजा. माझ्या मते निवडीतला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, आणि नेमका तोच बहुतेकांनी मोजलेला नसतो.

पकडीच्या आकाराचे प्रत्येक हत्यार कागद आपल्या जबड्यात घेते. जबडा जिथे संपतो, त्याच्यापुढे कागद आत सरकत नाही. साध्या छोट्या पकडीत ही खोली दोन-तीन सेंटीमीटरच असते. लेबल, बुकमार्क, कंदिलाची वरची पट्टी, टेबल कॅलेंडरची वरची कड अशा कामांना तेवढी पुरते. पण दोरा गुंडाळून बंद करायच्या पाकिटाची झडप, डायरीच्या कव्हरच्या मधोमध लावायचे इलॅस्टिक किंवा मध्यभागी फिरणारी तबकडी असलेले कार्ड करायचे असेल, तर ती पकड तिथे पोचणारच नाही. ए-फोर कागदाची रुंदी २१ सेंमी, म्हणजे त्याचा मध्य कडेपासून साडेदहा सेंटीमीटर आत येतो. कागद गुंडाळून जबड्यात कोंबता येईल असे वाटते, पण जाड कार्डशीटला त्याने जी घडी पडते ती पुन्हा जात नाही.

तुमची बहुतेक कामे कडेपासून दोन सेंटीमीटरच्या आत असतील, तर हत्यार निवडणे सोपे आहे. एखाददुसरे काम मधोमध येत असेल, तरी ते लक्षात ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

पायरी २: आधी आयलेट ठरवा

हत्यार वर्षानुवर्षे टिकते, आयलेट मात्र संपत राहतात. म्हणून तुमच्या गावात किंवा ऑनलाइन सहज आणि वारंवार मिळणारे आयलेट आधी पक्के करा आणि त्याला जुळेल असेच हत्यार घ्या. उलट केले, तर सुंदर हत्यार कपाटात पडते आणि त्याच्या मापाचे आयलेट शोधत फिरावे लागते.

कागदकामात दोन मापे सर्वाधिक चालतात: एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३.२ मिमी, आणि तीन सोळांश इंच, म्हणजे सुमारे ४.८ मिमी. पहिले माप बारीक दोरा, साखळी, छोटी लेबले यांना शोभते. रिबन, सुतळी किंवा दुहेरी दोरा ओवायचा असेल तर दुसरे घ्या. एकच माप ठेवायचे असेल, तर मी मोठे घ्यायला सांगेन. कंदिलाच्या आणि डायरीच्या कामाला ते कधीच अपुरे पडत नाही.

पाकिटावरच्या आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कुणी नळीचे बाहेरचे माप लिहितो, कुणी आतल्या भोकाचे, कुणी नुसता नंबर देतो. भोक बसते ते नळीच्या बाहेरच्या मापाला. व्हर्निअर कॅलिपर (बारीक मापे मोजायची जबड्याची पट्टी) असेल तर त्याने मोजा, नसेल तर एक आयलेट खिशात टाकून दुकानात न्या आणि हत्याराने पाडलेल्या भोकात घालून बघा. ते हलके दाबून आत जायला हवे आणि कागद उलटा केला तरी पडायला नको.

यावरून एक सावधगिरी. फायलींसाठीचा दोन भोकांचा ऑफिस पंच घरात असतोच आणि त्यानेच भोक पाडावे असा मोह होतो. त्याची भोके आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ६ मिमीची असतात. ४.८ मिमीचे आयलेट त्यात खुळखुळते, तिरके बसते आणि थोड्याच दिवसांत निघते.

आता नळीची लांबी. सगळे थर एकत्र दाबून धरा, आयलेट घाला आणि मागून किती नळी बाहेर येते ते बघा. साधारण दीड-दोन मिलिमीटर आली तर ठीक. त्याहून बरीच कमी असेल तर नळीला वळून कागद पकडायला जागाच उरत नाही. बरीच जास्त असेल तर ती एका बाजूला कलंडून चेपते. ३०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) दोन कार्डशीट एकावर एक ठेवली तरी जाडी एक मिलिमीटरच्या आत राहते, त्यामुळे कागदकामाचे नेहमीचे आखूड आयलेट पुरतात. दोन मिमीच्या बाइंडिंग पुठ्ठ्याला मात्र लांब नळीचे वेगळे घ्यावे लागतात.

धातूही बघा. ॲल्युमिनियम मऊ असते, कमी जोरात वळते आणि त्यात रंग खूप मिळतात. पितळ जास्त टिकाऊ, पण त्याला जोर जास्त लागतो. मुलामा दिलेले लोखंडी आयलेट दिसायला पितळेसारखेच असतात, म्हणून फ्रिजवरचा लोहचुंबक सोबत न्या. पितळ आणि ॲल्युमिनियम त्याला चिकटत नाहीत. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडी आयलेट गंजते आणि त्याभोवती कागदावर तांबूस डाग पडतो. वर्षानुवर्षे जपायच्या फोटो-अल्बममध्ये असे आयलेट अजिबात वापरू नका.

पायरी ३: हत्यारांचे प्रकार ओळखा

*पंच, सेटर आणि हातोडी.* हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोकळा प्रकार. पंचने भोक पाडायचे, आयलेट पोलादी ऐरणीवर ठेवायचे, सेटरचे टोक नळीत घालायचे आणि ठोकायचे. जबडाच नसल्यामुळे कागदाच्या कुठल्याही बिंदूवर आयलेट बसते. चर्मकामाचे आणि हार्डवेअरचे सामान विकणाऱ्या दुकानांत हे सेट मिळतात. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर चौकशी करून बघा.

अडचण आवाजाची आहे. रात्री दहा वाजता फ्लॅटमध्ये ठोकाठोक करता येत नाही. टेबलाच्या मधोमध न ठोकता पायाच्या बरोबर वरच्या कोपऱ्यावर ठोका. तिथे टेबल उसळत नाही, आवाज घटतो आणि कमी घावांत काम होते. भोक पाडताना खाली लाकडाची किंवा जाड प्लॅस्टिकची फळी हवी. हिरव्या कटिंग मॅटवर पंच ठोकू नका, तिला कायमचे गोल खड्डे पडतात.

*स्प्रिंगचा सेटर.* हा जाड पेनासारखा दिसतो. वरून दाबला की आतली स्प्रिंग सुटते आणि टोकावर घाव बसतो, त्यामुळे हातोडी लागत नाही. तोही कागदावर कुठेही चालतो. ॲल्युमिनियमच्या आयलेटला उत्तम, पितळेला दोन-तीनदा दाबावे लागते. मनगट दुखत असेल तर आधी वापरून बघूनच घ्या. याच्या जोडीला भोकासाठी जपानी स्क्रू पंच ठेवला, की वर दाबल्यावर टोक आपोआप फिरते आणि आवाज न करता भोक पडते. स्क्रू पंच आयलेट बसवत नाही, फक्त भोक पाडतो, हे ध्यानात ठेवा.

*छोटी आयलेट पक्कड.* एकाच मापासाठी, कडेजवळच्या कामासाठी. लग्नात पाहुण्यांना द्यायच्या पाकिटांची शे-दोनशे लेबले करायची असतील तर हिच्याइतके वेगवान काही नाही. काही पकडी भोक आणि सेटिंग दोन्ही करतात, काही फक्त सेटिंग. विकत घेण्याआधी हे विचारा.

इथे एक गल्लत नेहमी होते. फिरत्या चाकाची, सहा नळ्यांची पक्कड आयलेटची म्हणून पुढे केली जाते. ती पट्ट्याला भोके पाडायची पक्कड आहे. तिच्या नळ्या सहसा २ ते ४.५ मिमीच्या असतात आणि ती आयलेट बसवू शकत नाही.

*लांब दांड्याचे दुहेरी हत्यार.* यात भोक पाडणे आणि आयलेट वळवणे या दोन्हींची सोय एकाच जबड्यात असते आणि तरफेमुळे जोर कमी लागतो. ‘वी आर मेमरी कीपर्स’ या अमेरिकी कंपनीने आणलेले ‘क्रॉप-अ-डाइल’ हे यातले सर्वांत ओळखीचे. ते वर सांगितलेल्या दोन्ही मापांची भोके पाडते आणि निरनिराळ्या आयलेटसाठी त्याचे साचे फिरवून बदलता येतात. त्याच घराण्यातल्या ‘बिग बाइट’चा जबडा सहा इंच, म्हणजे सुमारे १५ सेंमी खोल आहे. ए-फोरचा मध्य त्याच्या सहज आवाक्यात येतो. मात्र ते जड आहे, टेबलावर ठेवूनच वापरायचे आणि कपाटात जागाही अडवते.

फ्लेक्सच्या दुकानातला आयलेट प्रेस बघून तो घ्यावासा वाटला, तर थांबा. तो वॉशर लावायच्या मोठ्या आयलेटसाठी असतो, कार्डशीटला त्याचा उपयोग नाही.

आता माझा कौल. वर्षातून दिवाळीपुरते आणि मुलांच्या प्रकल्पांपुरते काम असेल, तर हातोडीचा चांगला सेट घ्या आणि वाचलेल्या पैशांत पितळी आयलेट आणा. लेबले आणि कार्डे विकत असाल, तर लांब दांड्याच्या हत्याराची किंमत वसूल होते. पायरी एकमध्ये लक्षात ठेवलेले ते एखादे मधोमधचे काम? त्यासाठी महागडा खोल जबडा घेऊ नका. पकडीच्या जोडीला एक हातोडी-सेट ठेवला की भागते. बोटांचे सांधे दुखणाऱ्यांनी आखूड दांड्याची पक्कड टाळावी, कारण तिला लागणारा सगळा जोर तळहातावर येतो.

पायरी ४: दुकानात चाचणी घ्या

सोबत तुमचे आयलेट, एक जाड कार्डशीट आणि झेरॉक्सचा एक पातळ कागद न्या. पातळ कागद मुद्दाम न्यायचा. जाड कार्डाला कुठलाही पंच बऱ्यापैकी कापतो, पण पंचाची धार बोथट असेल तर पातळ कागदाच्या भोकाला लव येते किंवा कागदाचा तुकडा एका बाजूने लटकत राहतो.

मग कार्डावर एक आयलेट बसवा आणि उलटून उजेडात धरा. नळीचे तोंड चहूबाजूंनी सारखे बाहेर वळून कागदावर गोल, गुळगुळीत टेकलेले दिसायला हवे. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद वळले असेल, तर वरचा आणि खालचा साचा एका रेषेत नाही. हा दोष घरी आणून दुरुस्त होत नाही, ते हत्यार तिथेच ठेवा. कड फाटून पाकळ्या झाल्या असतील, तर सेटरचे टोक बघा. काही सेटर मुद्दाम पाकळ्या पाडतात, पण त्यांची टोके दोरा कापतात, म्हणून लटकवायच्या वस्तूंना गोल वळवणारा सेटरच घ्या. शेवटी त्या कडेवरून बोटाचे नख फिरवा. नख अडकले तर दोराही अडकेल.

पक्कड मिटताना दांडे डावी-उजवीकडे लचकतात का, सोडल्यावर स्प्रिंगने पूर्ण उघडतात का, आणि सर्वांत रुंद उघडल्यावर तुमच्या मुठीत मावतात का, तेही बघून घ्या. दाबाची खोली कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर उत्तम; पातळ कागदावर आयलेट जास्त दाबले गेले की भोवती सुरकुत्या पडतात.

पायरी ५: घरी पहिले आयलेट बसवा

पहिला प्रयोग त्याच जाडीच्या रद्दी तुकड्यावर करा. भोकाची जागा पेन्सिलने खूण करा आणि कडेपासून निदान पाच मिलिमीटर सोडा. आयलेट कार्डाच्या दर्शनी बाजूने घाला आणि कार्ड पालथे करा, म्हणजे नळी वर येईल. ऐरण सपाट असेल तर रंगीत आयलेटखाली जाड कागदाचा तुकडा ठेवा, नाहीतर रंग खरवडतो. वाटीसारखा खळगा असेल तर त्याची गरज नाही. सेटर काटकोनात उभा धरा आणि हलके दोन-तीन घाव द्या. प्रत्येक घावानंतर सेटर थोडा फिरवलात तर कड सारखी वळते. पकडीने करताना दाब सावकाश वाढवा आणि धातू टेकल्याचे हाताला जाणवले की थांबा. ठोकताना चश्मा घाला, आणि मुले करत असतील तर शेजारी बसा.

पंचाच्या नळीत अडकलेले कागदाचे तुकडे दाभणाने काढत राहा. धार मंदावली असे वाटले तर ॲल्युमिनियम फॉइलच्या चार-पाच घड्या घालून त्यात काही भोके पाडा, बारीक खरखर निघून जाते. पावसाळ्यात हत्यार पुसून, मशीन ऑइलचा एक थेंब सांध्यात सोडून, डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. तेल सोडल्यावर पहिली दोन-चार भोके रद्दी कागदावर पाडा, म्हणजे चांगल्या कार्डावर तेलाचा डाग येणार नाही.