सुट्या सरफेसपासून सॉलिड: मेश करण्याआधी फ्रीकॅडमध्ये काय करावे

वागळे इस्टेट काय किंवा रबाळे-महापे काय, या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्कला येणारी जुनी मॉडेल्स बऱ्याचदा आयजीईएस या जुन्या कॅड फाइल-प्रकारातच असतात. फ्रीकॅड या मोफत 3डी डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडली की ब्रॅकेट अखंड दिसतो, पण तो असतो नुसत्या सुट्या सरफेसचा, एकमेकांना न शिवलेला. ताण-विश्लेषणासाठी मॉडेलचे छोटे चौफलकी तुकडे पाडतात, तो टेट्रा मेश. त्याला चहूबाजूंनी बंद आकार लागतो, म्हणून हे तुकडे पाडणारा मेशर अडतो. तेव्हा आधी स्टेप या दुसऱ्या प्रकारातली फाइल मागून पाहा; तिच्यात सॉलिड (भरीव आकार) सहसा सॉलिड म्हणूनच येतो.

नाही मिळाली, तर आयजीईएस इम्पोर्ट करून आधी एक माहितीचं माप तपासा. 10 मिमीची जाडी 254 दिसली, तर इंच-मिलिमीटरचा घोळ आहे.

मग पार्ट वर्कबेंचमध्ये (वर्कबेंच म्हणजे फ्रीकॅडमधला साधनांचा संच) सगळे फेस, म्हणजे सुटे पृष्ठभाग, निवडून कंपाउंड (एकत्र गट) करा. शेप बिल्डर उघडून, 'ऑल फेसेस'वर टिक करून 'शेल फ्रॉम फेसेस' चालवा आणि तयार झालेल्या शेलवर (फेस शिवून बनलेल्या कवचावर) 'सॉलिड फ्रॉम शेल'.

फसगत होते ती इथेच. शेलला भोक असलं तरी फ्रीकॅड 'सॉलिड' बनवून देतं, आयकॉनही बदलतो. त्यामुळे लगेच 'चेक जॉमेट्री' चालवाच. 'नॉट क्लोज्ड' आलं, तर कुठेतरी फट आहे. फिलेट (कडेला दिलेली गोलाई) जिथे संपतो ते कोपरे झूम करून बघा: एका कडेच्या जागी जवळजवळ चिकटलेल्या दोन कडा दिसतील किंवा एखादा फेसच गायब असेल. सपाट भोक 'फेस फ्रॉम एजेस'ने बुजतं, वक्र असेल तर सरफेस वर्कबेंचमधलं 'फिलिंग' वापरा. एकावर एक बसलेले दुहेरी फेस असतील तर त्यातला एक काढा. मग शेल पुन्हा बनवा. क्लिपिंग प्लेनने कापून खात्री करू नका; तिथे खरा सॉलिडही पोकळच दिसतो.

'रिफाइन शेप'ने एकाच प्रतलातले तुकडे जोडून घ्या, नाहीतर चिंचोळ्या पट्ट्यांवर मेश उगाच बारीक होतो.

शेवटी पायथन कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) शेपचा व्हॉल्यूम, म्हणजे घनफळ, पाहा. आकडा ऋण आला तर फेस उलटे आहेत. 'रिव्हर्स शेप्स' वापरा. 100×60×10 मिमीची पोलादी प्लेट म्हणजे 60,000 घन मिमी, घनता 7.85 ग्रॅम प्रति घन सेमी धरली तर 471 ग्रॅम. तसंच तुमच्या ब्रॅकेटचं वजन काढा, शॉपमधला नग काट्यावर ठेवा, आणि दोन्ही जुळले की मगच मेश आणि ताण-विश्लेषणाचं फेम वर्कबेंच उघडा.