दुसरी हार्ड डिस्क: बॅकअपही आणि लिनक्सही, विंडोजला धक्का न लावता

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यापासून, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातील माझ्या सेवा केंद्रात जुने संगणक घेऊन येणारे एकच विचारतात: दुसरी डिस्क लावून तिच्यावर लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम) आणि बॅकअप दोन्ही बसतील का? बसतात. महत्त्वाच्या फायली आधीच दुसरीकडे उतरवल्या आहेत आणि लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार आहे, असे मी गृहीत धरतो. विंडोज 11 असल्यास बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी, कारण बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये, बदल केल्यावर ती मागितली जाऊ शकते.

डिस्क बसवणे म्हणजे संगणक बंद करून, प्लग काढून साटाची (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) डेटा वायर, पॉवरची वायर आणि चार स्क्रू लावणे. मात्र शेतीपंपाची लाईन येण्याजाण्याच्या वेळी किंवा विजेच्या त्याच बोर्डावर कूलर चालू असताना लिनक्स टाकण्याचे काम यूपीएसशिवाय करू नये.

आता खरा प्रश्न. लिनक्स दुसऱ्या डिस्कवर टाकले म्हणजे त्याचा बूट लोडर (संगणक लावल्यावर सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) हाही तिथेच गेला, असे बहुतेक लोक समजतात आणि मीही तसेच समजत होतो. प्रत्यक्षात पहिल्या डिस्कवर विंडोजचे ईएफआय पार्टिशन, म्हणजे बूट लोडर ठेवायचा छोटा कप्पा, आधीच असल्याने अनेक इन्स्टॉलर आपला ग्रब (लिनक्सचा बूट लोडर) निमूटपणे त्यातच ठेवतात. काही तर बूट लोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी ऐकत नाहीत. पीकविम्याच्या शेवटच्या दिवसांत मी बॅकअपची, म्हणजे लिनक्स असलेली, दुसरी डिस्क काढून घरी नेली आणि सकाळी केंद्र उघडले, तर काळ्या पडद्यावर ग्रब एवढीच अक्षरे, आणि बाहेर शेतकऱ्यांची रांग. विंडोज जागच्या जागी शाबूत होते. बूट मेनूतून (संगणक लावताच कळ दाबून उघडणाऱ्या यादीतून) विंडोज बूट मॅनेजर निवडले असते तर दोन मिनिटांत काम झाले असते. ते ठाऊक नसल्याने मी दुपारपर्यंत विंडोज पुन्हा टाकत बसलो.

म्हणून माझा आग्रह आहे की लिनक्स टाकताना पहिल्या डिस्कची वायर काढूनच ठेवावी. संगणक बंद करावा, प्लग काढावा, मग वायर काढावी. पहिली डिस्क एम डॉट टू प्रकारची (वायरीशिवाय थेट मदरबोर्डवर बसणारी पट्टी) असेल तर तिचा एक स्क्रू सोडवून ती बाहेर काढावी. ‘इन्स्टॉलरमध्ये नीट पाहून निवडा, वायर काढायची गरज नाही’ हा सल्ला इंटरनेटवर सर्रास मिळतो. तो देणाऱ्याच्या दुकानासमोर रांग नसते. पेन ड्राइव्ह युईएफआय या नव्या बूट पद्धतीनेच सुरू करावा, कारण लेगसी या जुन्या पद्धतीने टाकलेले लिनक्स आणि युईएफआयमधले विंडोज यांचे पुढे जमत नाही.

‘संपूर्ण डिस्क वापरा’ हा पर्याय घेऊ नये, नाहीतर बॅकअपला जागाच उरणार नाही. जीपीटी तक्ता (डिस्कवरच्या भागांची, म्हणजे पार्टिशनांची, यादी) करून 512 एमबीचे ईएफआय पार्टिशन आणि 100 जीबीचे लिनक्सचे पार्टिशन करावे, बाकीची जागा रिकामी सोडावी. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये मोजण्याच्या पद्धतीतील फरकामुळे सुमारे 931 जीबी दिसते. दुकानदाराशी भांडायला जाऊ नये.

लिनक्स एकटे सुरू झाले की संगणक बंद करून पहिली डिस्क जोडावी आणि बायोसमध्ये विंडोज पहिल्या क्रमांकावर ठेवावे. लिनक्स हवे तेव्हा बूट मेनू उघडावा. त्याची कळ मदरबोर्डनुसार एफ 12, एफ 11, एफ 8 किंवा एस्केप असते. उरलेल्या जागेवर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून बॅकअपसाठी एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटचे) पार्टिशन करावे.

विंडोजमधले फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) बंद करावे. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, त्यामुळे लिनक्स त्या पार्टिशनवर लिहायला नकार देते. घड्याळ साडेपाच तास पुढेमागे दिसले तर मदरबोर्डवरची बॅटरी बदलू नये: विंडोज संगणकातील वेळ स्थानिक मानते, लिनक्स ती जागतिक मानते, आणि लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगितले की प्रश्न मिटतो.

बॅकअपसाठी विंडोजमधलीच फाइल हिस्टरी ही सोय पुरेशी आहे. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत उघडून पाहावी. पण मृगातल्या विजेने यूपीएस फोडून कॅबिनेट जाळले, तर आतल्या दोन्ही डिस्क एकदमच जातात. त्यासाठी सातबारा, दाखले आणि हिशेब यांची एक प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर घ्यावी, आणि काम झाले की ती काढून कपाटात ठेवावी.