लाँचच्या दिवशी नवा फोन घ्यायचाय? काउंटरच्या आतल्या बाजूनं थोडं सांगते

ठाण्यात गोखले रोडला मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मला अकरा वर्षं झाली. आधीची काही वर्षं दुसऱ्या दुकानात, आता इथे. दर सप्टेंबरात एक शुक्रवार येतो, नव्या आयफोनच्या विक्रीचा पहिला दिवस. 2023 साली तो 22 तारखेला होता, 2024 ला 20, 2025 ला 19. त्याच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही, आणि ती भीतीनं लागत नाही.

2023 च्या त्याच दिवसात दिल्लीत कमलानगरच्या एका दुकानात फोन मिळायला उशीर होतोय म्हणून गिऱ्हाइकांनी कर्मचाऱ्यांना मारलं. तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी दुकान बंद करताना पाहिला. कुणी काही बोललं नाही. 2025 मध्ये मुंबईत बीकेसीच्या ॲपल स्टोअरबाहेर रांगेतच जुंपली, सुरक्षारक्षकांना मध्ये पडावं लागलं. ठाण्याहून पहाटेच्या लोकलनं तिकडे गेलेली आमच्या ओळखीची दोन मुलं होती, ती नुसती धक्के खाऊन परत आली.

आणि माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं सांगते. आधीच्या दुकानात माझ्या शेजारी एक मुलगा उभा राहायचा, बावीस वर्षांचा, दिव्याहून यायचा. मालकांनी दोन-दोन हजार टोकन घेऊन साठच्या वर बुकिंग केलं होतं. शुक्रवारी सकाळी खोकं फोडलं तर आत चौदा पीस. मालक केबिनमध्ये जाऊन बसले आणि "संपले" हे सांगायचं काम त्या मुलावर आलं. त्यानं तिसऱ्यांदा "सर, पुढचा लॉट मंगळवारी येईल" म्हटलं, तेव्हा एका गृहस्थांनी काउंटरवरून हात लांब करून त्याच्या कानाखाली मारली. इन केलेला शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. पोराचा चष्मा शोकेसवर आपटला, एक काडी तुटली. तो खाली वाकून ती काडी शोधत राहिला, कितीतरी वेळ, कारण त्याला वर बघायचं नव्हतं. मागे उभ्या असलेल्यांपैकी दोघं शूटिंग करत होते. त्याला पगार होता तेरा हजार. ज्या प्रो मॉडेलवरून त्यानं मार खाल्ला, त्या एका फोनमध्ये त्याचे दहा पगार गेले असते.

चूक दुकानाची होती, मी ती झाकणार नाही. पण मार खाल्ला तो ज्यानं एकही टोकन घेतलं नव्हतं त्यानं. मी त्या दिवाळीनंतर ते दुकान सोडलं.

फोन जरूर घ्या, पहिल्याच दिवशी घ्या. हौसेला मोल नसतं, आणि वर्षभर पैसे साठवून आलेल्या माणसाचा आनंद मला काउंटरवरून दिसतो. फक्त तयारीनं या. कारण भांडण काउंटरवर होतं खरं, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा आठवडाभर आधी पडलेलं असतं.

बुकिंग करताना

आयफोनचं प्री-बुकिंग गेली काही वर्षं आदल्या शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू होतं आणि विक्री पुढच्या शुक्रवारी. कंपनीच्या साइटवर तुम्हाला मिळण्याची तारीख दाखवतात, तिथे वाद कमी. दुकानात टोकन देताना मात्र नुसती "हो हो, नक्की मिळेल" एवढ्यावर पैसे ठेवू नका. पावतीवर लिहून घ्या: मॉडेल, स्टोरेज, रंग, बुकिंगमध्ये तुमचा नंबर कितवा, आणि अमुक तारखेपर्यंत फोन मिळाला नाही तर टोकन पूर्ण परत. दुकानदार लिहून द्यायला कां-कूं करत असेल तर तिथून निघा, समोर दुसरं दुकान आहे.

रंगाचं वेगळं सांगते. 2025 ला सगळ्यांना आयफोन 17 प्रोचा केशरी हवा होता. आम्हाला कुठल्या रंगाचे किती पीस आहेत हे बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळीच कळतं, त्याआधी कुणी "केशरी पक्का" म्हणत असेल तर तो अंदाजानं बोलतोय. त्यामुळे दुसरा रंग चालेल की नाही हे घरीच ठरवून या. काउंटरवर उभं राहून बायकोला फोन, मग मुलाला फोन, मग पुन्हा बायकोला, यात मागच्यांचा संयम सुटतो आणि ते योग्यच आहे.

ऑनलाइन घेणार असाल तर "फक्त 2 शिल्लक", "10 मिनिटांत ऑफर बंद" असल्या पाट्यांना घाबरून बटण दाबू नका. खोटी घाई लावणं आणि न विचारता बास्केटमध्ये विमा किंवा कव्हर टाकून ठेवणं, या दोन्ही गोष्टी केंद्र सरकारनं 30 नोव्हेंबर 2023 ला काढलेल्या नियमावलीत फसव्या म्हणून घातल्यात. अशा तेरा पद्धतींची यादीच आहे तिच्यात. पैसे भरायच्या आधी बेरीज एकदा स्वतः करून बघा. आणि घरपोच मागवलात तर खोकं उघडून बघितल्यावरच ओटीपी द्यायचा पर्याय असेल तर तोच निवडा.

आदली रात्र

रांग ज्यामुळे सर्वात जास्त अडते ते कारण ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल: पासवर्ड. जुना आयफोन एक्स्चेंजला द्यायचा तर त्यातलं "फाइंड माय", म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, बंद करावं लागतं, त्यासाठी ॲपल आयडीचा पासवर्ड लागतो, आणि दहातल्या चौघांना तो आठवत नाही. मग ओटीपी जातो मुलाच्या नंबरवर, मुलगा असतो पुण्यात कॉलेजला. आदल्या रात्री घरी बसून पासवर्ड तपासा, बॅकअप घ्या, फोटो खरंच उतरलेत का ते उघडून बघा.

हे मी इतक्या तळमळीनं का सांगतेय, त्याचंही कारण आहे. एका लाँचला नौपाड्यातले एक काका आले होते, सत्तरीचे. सुनेनं पाठवलं होतं, जुना फोन देऊन नवा घ्या म्हणून. मी विचारलं, "काका, बॅकअप घेतलाय ना?" ते म्हणाले, "काय असतं त्यात?" मागून ओरडा सुरू झाला, "अहो ताई, आवरा की! काकांना बाजूला घ्या!" काका बिचारे घाबरले, म्हणाले, "राहू दे, पुसून टाका सगळं." माझं बोट रिसेटवर होतं. काय वाटलं कोण जाणे, मी व्हॉट्सॲप उघडून त्यांच्यासमोर धरलं. सर्वात वर पिन केलेली एक चॅट होती, काकूंची. शेवटचा मेसेज दीड वर्षापूर्वीचा, आवाजातला. मी काकांना मागच्या स्टुलावर बसवलं आणि सगळं नव्या फोनवर चढवलं. पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंतर काकांनी तो मेसेज एकदा लावून बघितला, "येताना कोथिंबीर आणा" एवढाच होता.

पुढच्या माणसाला वेळ लागतोय म्हणून ओरडायच्या आधी हे काका डोळ्यांसमोर आणा.

पैशांची तयारी अशी ठेवा. साध्या यूपीआयची मर्यादा दिवसाला 1 लाखाची असते. 2025 ला लाँचच्या वेळी 17 प्रोची किंमत होती 1,34,900. काउंटरवर तीनदा स्कॅन करून "सर्व्हर डाउन आहे तुमचा" म्हणणारे रोज भेटतात. सर्व्हर ठीक असतो. कार्डानं द्यायचे असतील तर बँकेच्या ॲपमध्ये जाऊन खर्चाची मर्यादा रात्रीच वाढवून ठेवा. ईएमआयवर घेणार असाल तर पॅन आणि आधार सोबत, आणि ज्याच्या नावावर कर्ज होणार तो माणूस स्वतः हजर हवा.

रांगेत

एक माणूस, एक जागा. "माझे चार मित्र येतायत" हे चालत नाही. आमच्याकडे आता सकाळी सातला नंबर लिहिलेली कुपनं वाटतो आणि त्यावर नाव घालतो, तेव्हापासून निम्मी भांडणं मिटली. तुमच्या दुकानात कुपनं नसतील तर रांगेतल्या पहिल्या दहा जणांनी मिळून कागदावर नावं लिहायला सुरुवात करा, लोक ऐकतात. पहिल्यांदा कुणीतरी बोलावं लागतं एवढंच.

पैसे घेऊन दुसऱ्यासाठी उभी राहणारी पोरं असतात. त्यांच्यावर डाफरू नका, रात्रभर फुटपाथवर बसायचे त्यांना तीन-चारशे मिळतात. त्यांना उभं करणारा गाडीत एसी लावून बसलेला असतो. तुम्हाला संशय आला तर दुकानाच्या माणसाला हळू सांगा. एका नावावर एकच फोन हा नियम लावणं आमचं काम आहे.

पाण्याची बाटली आणा. बायकांनी जोडीला कुणीतरी घेऊन या, म्हणजे मधे जाऊन येता येतं आणि जागाही राहते. लहान मुलांना कृपा करून आणू नका. शटर वर जाताना जो लोंढा येतो त्यात मोठी माणसं पडतात.

काउंटरवर

आता घाई आमच्यावर सोडा, तुम्ही सावकाश बघा. आयफोनच्या खोक्याला आता प्लास्टिक नसतं, मागे दोन कागदी पट्ट्या असतात, बाण काढलेल्या. त्या अखंड आहेत ना ते बघा, आणि स्वतःच्या हातानं ओढा. खोक्यावरचा आयएमईआय, म्हणजे फोनचा पंधरा आकडी ओळख नंबर, आणि बिलावरचा आयएमईआय आकड्याला आकडा जुळवा. फोन सुरू झाला की *#06# दाबा, तिथेही तोच आला पाहिजे. बिल जीएसटीचं, तुमच्याच नावावर. पुढे फोन चोरीला गेला तर तो ब्लॉक करताना हेच बिल मागतात.

छापील किमतीच्या वर एक रुपयाही देऊ नका. 2011 च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे दुकानदाराला तो घेताच येत नाही. दुसरी गोष्ट, "फोन हवा तर सोबत काच, कव्हर आणि विमा घ्यावाच लागेल" हे 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. हा आमच्याच धंद्यातला वाईट प्रकार आहे आणि लाँचच्या आठवड्यात तो बोकाळतो. असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा, "हे मला बिलामागे लिहून द्या." बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. नाही संपला तर 1915 ला फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. पण ही सक्ती ठरवतो मालक. सांगायला उभी केलेली मुलगी महिन्याच्या टार्गेटखाली असते, तिला "चोर" म्हणू नका, मालकाला बोलवा.

बाहेर येऊन "सीलपॅक आहे, दहा हजार वर, लगेच देतो" म्हणणारा भेटेल. त्याच्याकडे तुमच्या नावाचं बिल नसतं. तरी मोह झालाच तर निदान फोन तपासा: मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम लिहून, जागा सोडून, पंधरा आकडी आयएमईआय टाका आणि 14422 ला पाठवा. आकडा काळ्या यादीत असेल किंवा आधीच वापरात असेल तर कळतं. माझं ऐकाल तर त्या माणसाशी बोलूच नका, तुम्ही घेता म्हणून तर तो पुढच्या वर्षी दहा पोरं रांगेत उभी करतो.

आणि फोन संपले तर

हे होणार. रांगेतल्या सगळ्यांना पहिल्या दिवशी मिळाला असं मी एकदाही पाहिलेलं नाही. अशा वेळी तीन गोष्टी मागा: पुढच्या लॉटची तारीख, तुमचा नंबर, आणि नको असेल तर टोकन परत. तिन्ही पावतीवर, सहीसकट. मालक आत असतील तर "मालकांना बाहेर बोलवा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आवाज चढवूनही म्हणा. आम्हीसुद्धा मनातून तेच म्हणत असतो. काउंटरवर हात आपटू नका, काच फुटते आणि आतल्याच्या हातात जाते. शेजारी कुणी कर्मचाऱ्यावर हात उगारत असेल तर मोबाइल खिशात ठेवा आणि त्याचा हात धरा. त्या दिवशी आमच्याकडे वीस-पंचवीस माणसं उभी होती. एकानं जरी "ओ साहेब" म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दोन-तीन आठवड्यांत हाच फोन, याच किमतीला, बहुतेक रंगांत शोकेसमध्ये असतो. दिवाळीच्या तोंडावर बँकांच्या ऑफरही येतात. आणि ज्यांना मागचं मॉडेल चालतं त्यांच्यासाठी लाँचचा आठवडा फारच चांगला: 17 आला तेव्हा 16 ची किंमत 79,900 वरून 69,900 झाली. त्या काउंटरला रांग नसते. तिथे मी तुम्हाला खुर्ची देईन, चहाही सांगेन.

मिळालाच तर दारात उभं राहून रील काढू नका, मागचे अडकतात. दुकानाची पांढरी चकचकीत पिशवीही नको म्हणा. घरून कापडी पिशवी आणा, खोकं तिच्यात तळाला घाला, वर छत्री ठेवा. गोखले रोडवरून स्टेशनपर्यंत पिशवी रस्त्याच्या बाजूला धरू नका, आतल्या हाताला धरा.