जुन्या शिडाच्या बोटीचे कीलबोल्ट

पावसाळ्याआधी बोट मांडवीतून काठावर काढली की कीलबोल्ट, म्हणजे तळाखालचा जड कणा (कील) बोटीला धरून ठेवणारे बोल्ट, तपासून घ्या. वजन कीलखालच्या लाकडी ठोकळ्यांवर येऊ द्या, बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळायला.

कील आणि तळाच्या सांध्यावर तांबूस ओघळ किंवा केसाएवढी फट दिसली, तर पाणी आत शिरलंय. वरचा चकचकीत नट पाहून फसू नका. स्टेनलेस स्टीलला गंज रोखायला हवा लागते. सांध्यात साचलेल्या खाऱ्या पाण्यात ती मिळत नाही आणि बोल्ट नेमका तिथेच कुरतडला जातो.

आरपार बोल्ट असतील तर एक काढून बघा. मध्येच कंबर बारीक झालेली किंवा खड्डे पडलेले दिसले, तर सगळेच बदला, पण एका वेळी एकच. शिशाच्या कीलमध्ये ओतलेले किंवा बिडाच्या कीलमध्ये आटे पाडून बसवलेले बोल्ट असे निघत नाहीत; ते काम जाणत्या कारागिराचं.

नवा बोल्ट जुन्याच जाडीचा, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा घ्या. भोक कोरडं करून पॉलियुरेथेन सीलंट (पाणी अडवणारा चिकट लेप) भरा, नटखाली रुंद जाड वॉशर घाला. आधी हलकं आवळा. सीलंट सुकल्यावर टॉर्क पान्याने (किती जोर लावला ते दाखवणारा पाना), बोट बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत.