फळझाडांवरील कोळी: हंगाम न ओळखल्याने होणाऱ्या या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईत ‘कोळी’ म्हटले की आधी कोळीवाडा डोळ्यांसमोर येतो. फळझाडांवरचे लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी ‘माइट’ ही कीड, मात्र टाचणीच्या डोक्याहूनही बारीक असल्याने पाने तांबूस पडेपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाहीत. एप्रिलमध्ये सोसायटीतल्या आंब्याचे पान असे करपल्यासारखे दिसले, की पाणी कमी पडले असे समजून बुंध्याशी नळी सोडली जाते. खरे तर पाऊस थांबल्यावर कोरड्या हवेत ही कीड हळूहळू वाढत असते, आणि तापमान 30 अंशांच्या आसपास पोहोचले की तिची एक पिढी साधारण आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. म्हणून तपासणी जानेवारीअखेरपासूनच, दर आठवड्याला करावी: फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकावी आणि हलणारे ठिपके भिंगाने पाहावेत. पपईवर पानाची खालची बाजू पाहावी. आंब्यावरचे लाल कोळी बहुधा वरच्या बाजूला असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे घरात असलेले कीटकनाशक फवारणे. कोळी हा आठ पायांचा जीव आहे, कीटक नव्हे. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाने त्याला खाणारे ढालकिडे आणि परभक्षी कोळी मरतात, आणि दोन-तीन आठवड्यांत मूळ कीड पूर्वीपेक्षा जोमाने उसळते. पाण्यात विरघळणारे 80 टक्के गंधक उपयोगी आहे, पण पारा 35 अंशांवर असताना किंवा तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवड्यांच्या आत ते मारल्यास पानेच भाजतात. घोडबंदर रस्त्यालगतच्या झाडांवर धूळ साचते, आणि धुळीत कोळी फोफावतात. तिथे सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाने धुणे हाच माझ्या मते पहिला उपाय.

जूनच्या मोठ्या सरींनी कोळी धुऊन गेले, की श्रेय मेअखेरीस मारलेल्या औषधाला मिळते आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा आणले जाते. नारळावरील कोळी मात्र फळाच्या देठाकडील टोपीखाली लपलेले असल्याने पावसात तसे सहज धुतले जात नाहीत. टोपीखालून उतरणारा फिकट त्रिकोणी डाग पुढे तपकिरी होऊन तडकतो. अशा झाडाचे पक्व नारळ आधी उतरवून 5 टक्के ॲझाडिरॅक्टिन (कडुनिंबापासूनचे कीडनाशक) 7.5 मिलि व तेवढेच पाणी मुळावाटे, म्हणजे मुळाचे कापलेले टोक या द्रावणाच्या पिशवीत बुडवून, द्यावे, आणि पुढची उतरणी 45 दिवस थांबवावी.