थंडरबर्डमध्ये मेल येतात पण जात नाहीत? हे बघा

थंडरबर्ड म्हणजे कॉम्प्युटरवर मेल बघायचा-पाठवायचा प्रोग्रॅम. काल दादरला काकांच्या दुकानात हाच घोळ, मेल धडाधड येतायत पण पाठवायला गेलं की नुसतं चक्र फिरतंय. पासवर्ड बदलत बसू नका, येणारा आणि जाणारा सर्व्हर वेगळा असतो. अकाउंट सेटिंग्जमध्ये डावीकडे एकदम खाली आउटगोइंग सर्व्हर आहे, तो उघडून पोर्ट (मेल ज्या दारातून बाहेर जातो त्याचा नंबर) बघा, २५ दिसला की समजा चोर सापडला, स्पॅममुळे बरेच नेटवाले तो बंदच ठेवतात. जीमेल असेल तर सर्व्हरचं नाव एसएमटीपी डॉट जीमेल डॉट कॉम, पोर्ट ५८७, सिक्युरिटी स्टार्टटीएलएस आणि ऑथेंटिकेशनला ओऑथ२ (म्हणजे गुगलच्याच खिडकीतून लॉगिन), नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. ४६५ टाकलात तर मात्र एसएसएल/टीएलएस घ्यायचं, ही जोडी चुकली की परत चक्र! मग स्वतःलाच एक मेल टाकून बघा. काकांचं कोटेशन एकदाचं गेलं, वर कटिंगही मिळाला.